सॅटला १३२० आलेत, तिसऱ्यांदा बसवू का?

या वेळचं पत्र, ओळख लपवून आणि थोडक्यात:

कॅलिफोर्नियात, बे एरियात राहणारी एक आई लिहिते. मुलगी आता बारावीत गेलीये. मार्चमध्ये सॅटला (इथली कॉलेज ॲडमिशनसाठीची परीक्षा, १६०० पैकी) १२७० आले, जूनमध्ये १३२० (इंग्लिश ७००, मॅथ ६२०). जूनला जवळपास सेंटरच मिळेना म्हणून रीनोला गाडी काढून गेले, रात्री हॉटेलात राहिले आणि सकाळी पेपर दिला. शाळेतला वेटेड जीपीए (कठीण कोर्सेसना जादा वजन देऊन काढलेली ग्रेड्सची सरासरी) ४.१ आहे, एपी (शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स आणि त्याची परीक्षा) एन्व्हायर्नमेंटल सायन्सला ५ आहेत. मुलीला एन्व्हायर्नमेंटल सायन्स करायचंय, बाबांना वाटतं सीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स करावं. बाबा स्वतः बारावीच्या मार्कांवर पुण्यात सरकारी इंजिनिअरिंगला लागले होते, ते म्हणतात १५०० च्या खाली चांगल्या कॉलेजला अप्लाय करणं म्हणजे फी वाया घालवणं. यादीत नऊ कॉलेजं आहेत: बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो, डेव्हिस, सांता बार्बरा, कॅल पॉली सॅन लुईस ओबिस्पो, स्टॅनफर्ड, यूएससी आणि पर्ड्यू. एका कन्सल्टंटने चार हजार डॉलरमध्ये 'शंभर मार्क वाढवून देतो' म्हणून सांगितलंय. मुलगी म्हणते मी परत बसणार नाही, आणि त्यावरून घरात अबोला आहे. आईचे प्रश्न: ऑक्टोबरला बसवू का? आलेला स्कोअर पाठवायचा की लपवायचा? चांगल्या कॉलेजांचा नाद सोडायचा का? आणि सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर 'किती पडले' विचारतात, त्यांना काय सांगू?

ताई,

तुमच्या नऊ कॉलेजांच्या यादीपासूनच सुरू करते, कारण ती यादी आणि घरातलं भांडण यांचा एकमेकांशी फारसा संबंधच नाहीये. नवातली पहिली पाच यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे कॅम्पस आहेत. यूसीच्या रीजंट्सनी, म्हणजे कारभारी मंडळाने, २०२० मध्ये सॅट बाजूला काढायचं ठरवलं आणि २०२१ पासून तिथे ॲडमिशनच्या निर्णयात तो स्कोअर बघतच नाहीत. १६०० असले तरी बघत नाहीत. टाकलाच तर ॲडमिशन झाल्यावर कुठल्या लेव्हलच्या क्लासला बसवायचं वगैरे ठरवायला कामी येऊ शकतो, बस. कॅल पॉली कॅल स्टेटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीत येतं आणि कॅल स्टेटवाल्यांनीही २०२२ मध्ये सॅट काढून टाकली. म्हणजे नवातली सहा गेली की. उरली तीन, त्यात स्टॅनफर्ड आणि पर्ड्यू स्कोअर मागतात, यूएससी सध्या तरी ऐच्छिक ठेवतं. म्हणजे रीनोची ट्रिप, हॉटेल, चार हजार डॉलर, अबोला, हे सगळं तीन कॉलेजांसाठी चाललंय.

हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही, कुठेतरी ऐकलंच असेल. पण आपल्या लोकांना 'बघत नाही' म्हटलं तरी ते खरं वाटत नाही, आतून बघत असतीलच, कुणीतरी चोरून नजर टाकत असेलच असं वाटतं. ताई, खरंच नाही बघत. यूसीच्या फॉर्ममधून ते काढलंय आणि त्यामागे कोर्टकचेऱ्या झाल्यात, उगाच कोण रिस्क घेईल.

आता ती तीन. स्टॅनफर्डचं स्पष्टच सांगते, राग मानू नका. तिथे शंभरातली चारसुद्धा मुलं घेत नाहीत, १५६० वाली मुलंही ढिगाने परत पाठवतात. १३२० चे १४२० झाले तर तिथे काय बदलेल? काहीच नाही. पर्ड्यूला, त्यातही सीएसला, मॅथचे ६२० अडचणीचे आहेत हे खरंय. पण मग माझा प्रश्न असा की पर्ड्यू यादीत कोणाच्या सांगण्यावरून आलं? मुलीला करायचंय एन्व्हायर्नमेंटल सायन्स, त्यासाठी बाहेरच्या राज्याची फी भरून इंडियानाला जायचं तिच्या मनात आहे का? की सीएस आणि पर्ड्यू दोन्ही एकाच माणसाने यादीत घातलंय? उत्तर मला कळवू नका, तिला विचारा.

तिसऱ्यांदा परीक्षा द्यायची का, याला माझी एकच कसोटी आहे आणि ती इतर आईबाबांनीही वापरून बघावी. ज्या कॉलेजात हे ऐंशी-शंभर मार्क वाढले तर निर्णय बदलेल अशा एका कॉलेजचं नाव सांगा. नाव घेता येत असेल, ते कॉलेज मुलीला खरंच हवं असेल आणि अभ्यासाला वेळ असेल तर बसवा की. काही बाहेरच्या सरकारी युनिव्हर्सिट्या स्कोअर आणि जीपीए बघून ठरलेली स्कॉलरशिप देतात, अलाबामाचं तर प्रसिद्धच आहे, अशा ठिकाणी चाळीस मार्क म्हणजे सरळ डॉलर, तिथे तिसरी परीक्षा शहाणपणाची. पण नाव घेता येत नसेल, नुसतं 'वाढले तर बरं' असेल, तर नको. तुमच्या यादीत मला तसं नाव दिसत नाही. आणि ऑक्टोबर हा नेमका निबंध लिहायचा महिना आहे. यूसीचा फॉर्म भरायचा काळ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर, आठ प्रश्नांतले चार निवडायचे आणि प्रत्येकाला ३५० शब्द. ज्या महिन्यात मुलीने हे लिहायचं त्या महिन्यात ती मॅथचे मॉड्यूल सोडवत बसणार, तेही ज्या पाच कॉलेजांना मॅथचे मॉड्यूल नकोच आहेत त्यांच्या डेडलाइनच्या तोंडावर. नाही बसणार म्हणते ना, मला तर ती घरातली सगळ्यात हिशोबी वाटली.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. ते चुकीचं काही बोलत नाहीयेत, फक्त दुसऱ्या देशाच्या नियमांनी बोलतायत. आपण सगळे मेरिट लिस्टमधून आलोय, एक आकडा, एक यादी, कटऑफच्या वर असलात तर आत आणि अर्ध्या मार्काने खाली असलात तर घरी. त्या पद्धतीत त्यांचं भलं झालं, त्यामुळे त्यांचा त्या पद्धतीवर विश्वास असणारच. इथे सिलेक्टिव्ह कॉलेजात कटऑफ असा नसतोच. हे चांगलं की वाईट हा वेगळा वाद आहे, मला स्वतःला कधीकधी वाटतं की मेरिट लिस्ट निर्दय असली तरी निदान कळायची तरी, इथे नकार का आला हे कोणी सांगतच नाही. पण आहे ते असं आहे. त्यांना एक काम द्या, इंजिनिअर माणूस आहे, आवडेल. प्रत्येक कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' नावाचा कागद निघतो, दरवर्षी, कॉलेजचं नाव टाकून शोधला की सापडतो. त्यातला सी७ हा तक्ता काढा. कॉलेज कशाला किती महत्त्व देतं, शाळेतले मार्क, कोर्सेसची काठिण्यपातळी, निबंध, टेस्ट, सगळं त्यात असतं. मग सी९ काढा. तिथे प्रवेश घेतलेल्या मुलांचे सॅट कुठून कुठपर्यंत होते ते दिसतं, पण त्याहून महत्त्वाची एक ओळ लोक बघतच नाहीत ती म्हणजे प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्क्यांनी स्कोअर पाठवला होता. समजा स्कोअर १४५० ते १५४० दिसतायत पण पाठवणारे तिशी-चाळिशी टक्केच आहेत, तर त्याचा अर्थ ज्यांचे भरपूर होते त्यांनीच दाखवले, बाकीचे न दाखवताच आत गेले. ऐच्छिक कॉलेजांचे हे आकडे त्यामुळेच वर्षागणिक फुगलेले दिसतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे 'ॲव्हरेज' याच फुगलेल्या आकड्यांतून येतात, आणि तिथे ज्यांच्या मुलाला १२०० पडलेत ते लोक गप्प बसतात हेही लक्षात ठेवा.

स्कोअर पाठवायचा की नाही, याचं उत्तर त्याच कागदात आहे. स्कोअर त्या कॉलेजच्या मधल्या पट्ट्यात किंवा वर असेल तर पाठवा, खालच्या टोकाच्याही बराच खाली असेल तर नको. यूएससीला १३२० नका पाठवू. 'लपवणं' हा शब्द मात्र मनातून काढा, कॉलेजने स्वतः सांगितलंय की ऐच्छिक आहे, न पाठवणं म्हणजे लबाडी नाही. शिकागो युनिव्हर्सिटीने २०१८ पासून ऐच्छिक ठेवलंय, मेनमधल्या बोडनने तर १९६९ पासून, तिथल्या लोकांना सॅट नसलेली फाइल वाचायची चांगलीच सवय आहे. एक बारीक गोष्ट, काही शाळा ट्रान्सक्रिप्टवरच (शाळेच्या गुणपत्रकावर) टेस्टचे मार्क छापतात, तुमची छापते का ते काउन्सिलरला विचारून घ्या आणि छापत असेल तर काढता येतात का तेही विचारा.

याची दुसरी बाजू पण सांगायला हवी. वारं परत उलटं फिरतंय. एमआयटीने २०२२ मध्ये सॅट परत आणली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी तेच जाहीर केलं. डार्टमथच्या अभ्यासात असं आलं की कमी उत्पन्नाच्या, साध्या शाळांतल्या काही मुलांनी आपला स्कोअर कमी समजून पाठवलाच नाही, खरं तर पाठवला असता तर फायदाच झाला असता, कारण त्यांच्या शाळेच्या मानाने तो उत्तम होता. हे वाचून बे एरियातल्या आयांना वाटतं की मग आपणही पाठवू या. ताई, आपल्याकडे उलटं आहे. स्कोअर शाळेच्या आणि घराच्या परिस्थितीसमोर ठेवून वाचतात. जिथे निम्मा वर्ग कोचिंगला जातो आणि आईबाबा दोघेही टेकमध्ये आहेत, तिथला १३२० आणि जिथे सॅटला बसणारी मुलंच मोजकी आहेत तिथला १३२० हे एकच नाहीत. कडू आहे पण खरं आहे. आणि तरीही १३२० 'कमी' नाहीये हो, देशभरातली सरासरी १०२५ च्या आसपास आहे, तिच्या मागे दहातली आठ-नऊ मुलं आहेत. तुमच्या गल्लीत कमी दिसतो, इतकंच.

येल म्हणतं सॅट, एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा), एपी, आयबी (एक आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) यातलं काहीही चालेल. हे तुमच्या मुलीसाठी येलचं आमिष म्हणून नाही सांगत, एपीचे मार्कही टेस्टचेच मार्क आहेत हे आठवावं म्हणून सांगतेय. ज्या विषयात तिला पुढे जायचंय त्याच विषयाच्या एपीला तिला ५ आहेत, पैकीच्या पैकी. पत्रात तुम्ही ते एका स्वल्पविरामात उरकलंय.

आता ज्यासाठी मला एवढं लिहावंसं वाटलं ते. तुमच्या पत्रात सॅटवर दीड पान आहे आणि मुलगी काय करते यावर एक वाक्य, तेही 'बाकी ॲक्टिव्हिटीज म्हणाल तर घराजवळच्या ओढ्याचं पाणी तपासायला जाते दोन वर्षं झाली, आणि रविवारी मराठी शाळेत शिकवते, विशेष काही नाही' असं. विशेष काही नाही? ओढ्याचं पाणी तपासायला कोण सांगतं तिला? सकाळी उठून गमबूट घालून जाते का? काय मोजते, पाण्याचं तापमान, पीएच, गढूळपणा? कुठे लिहून ठेवते? दोन वर्षांत उन्हाळ्यात काय होतं, पहिल्या पावसानंतर काय वाहून येतं हे तिला घरात तिघांपेक्षा जास्त माहीत असणार. यूसीच्या फॉर्ममध्ये ॲक्टिव्हिटीला ३५० अक्षरं मिळतात, कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना चालणारा सामायिक फॉर्म) फक्त १५०. तिथे मुलं लिहितात 'मराठी शाळेत व्हॉलंटियर, मुलांना मराठी शिकवलं, नेतृत्वगुण विकसित झाले'. वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? त्यापेक्षा असं लिहा: दर रविवारी सहा ते आठ वर्षांची मुलं, इतकी इतकी, जोडाक्षरं येत नव्हती म्हणून स्वतः पत्ते बनवले, आता दुसऱ्या वर्गाच्या शिक्षिकाही तेच पत्ते वापरतात. (पत्त्यांचं मी आपलं मनाने लिहिलं, तिने काय केलंय ते तिचं ती लिहील.) आकडा, वस्तू, काय बदललं. गुणांची नावं नकोत. ओढ्याचंही तसंच, ३५० शब्दांच्या चारातल्या एका उत्तरात तिने एकच सकाळ लिहिली, एकच विचित्र आलेलं रीडिंग आणि ते का आलं असेल याचा तिने लावलेला माग, तरी पुरे. पर्यावरणाचं रक्षण ही काळाची गरज आहे, अशी वाक्यं नकोत, ती प्रत्येकाच्याच फॉर्ममध्ये असतात.

निबंधात सॅटबद्दल एक अक्षर नको. 'मी परीक्षेत चांगली नाही पण' हा सूर तर नकोच नको. परीक्षेच्या काळात आजारपण होतं, घरात काही झालं, असं खरं कारण असेल तर जास्तीच्या माहितीच्या रकान्यात दोन ओळी, नाहीतर गप्प. आणि निबंध तुम्ही लिहू नका, कन्सल्टंटनेही लिहू नये, चॅटजीपीटीनेही नको. तुम्ही फक्त वाचा आणि विचारा, 'म्हणजे काय गं, मला कळलं नाही.' तेवढं पुरतं.

मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय. यावर घरात सॅटपेक्षा जास्त बोलणं व्हायला हवं होतं. यूसीत सीएस मागणाऱ्यांची गर्दी इतकी आहे की त्याच कॅम्पसला, त्याच मार्कांवर, मेजर बदललं की शक्यता पार बदलते. सीएसला टाकून नकार घ्यायचा आणि मग 'सॅट कमी पडली' म्हणायचं, हे होऊ देऊ नका, सॅट तर त्यांनी बघितलीच नाही. 'आधी सोप्या मेजरला घुसू मग सीएसला बदलू' ही युक्तीही बहुतेक ठिकाणी चालत नाही, रस्ते बंद केलेत. यूसीएलएमधलं लेटर्स अँड सायन्स हे कॉलेज मेजर बघून घेत नाही पण तिथून इंजिनिअरिंगला जाणं कठीण. तुमच्या मुलीला मुळात ती युक्ती करायचीच नाहीये हे तिचं नशीब. सांता बार्बराचा एन्व्हायर्नमेंटल स्टडीज विभाग १९७० चा आहे, १९६९ मध्ये तिथल्या समुद्रात तेलगळती झाली त्यानंतर उभा राहिलेला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. डेव्हिसचं नाव तर या विषयात घेतलंच जातं. म्हणजे 'चांगलं कॉलेज' यादीत आधीच आहे, फक्त तुम्ही त्याला चौथ्या-पाचव्या नंबरवर ठेवलंय.

यादीत भर मात्र हवी, आत्ता तिच्यात सगळी कठीणच कॉलेजं आहेत. बर्कली, यूसीएलए कोणालाच खात्रीची नाहीत, डेव्हिस-सांता बार्बरा ४.१ ला शक्य पण पक्की नाहीत. सांता क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड या यूसींमधली दोन तरी घाला. कॅल पॉली हम्बोल्ट बघा, तिला आवडेल असं वाटतं. शिवाय पश्चिमेकडच्या राज्यांचा एक करार आहे, वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज, त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजात कॅलिफोर्नियाच्या मुलांना तिथल्या स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट पडते. नेवाडाची रीनोची युनिव्हर्सिटी त्यात आहे. रीनो तुम्हाला माहितीचं झालंच आहे.

कम्युनिटी कॉलेज (गावातलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) म्हटलं की आपल्या घरांत तोंडं वाकडी होतात, पण हे सगळ्यांनीच नीट ऐकून ठेवा. दोन वर्षं तिथे काढून ठरलेले कोर्सेस आणि ठरलेला जीपीए आणला तर सहा यूसी लेखी हमी देतात की घेऊ: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. त्याला टॅग म्हणतात, एकाच कॅम्पसचा भरता येतो, सप्टेंबर महिन्यात भरायचा, आणि मेजरप्रमाणे अटी वेगळ्या असतात. सॅटचा प्रश्नच नाही, पहिल्या दोन वर्षांचे पैसेही वाचतात, डिग्री यूसीचीच. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत पण कम्युनिटी कॉलेजमधून मुलं भरपूर घेतात. बारावीनंतर सगळीकडून नाही आलं तर रडारड होऊ नये म्हणून हा कागद आधीच वाचून ठेवा.

पुणे, नाशिक, नागपूरहून अप्लाय करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तुमच्या शाळेचे मार्क तिथल्या लोकांना तितके ओळखीचे नसतात, त्यामुळे ऐच्छिक ठिकाणी बेताचा स्कोअरही कधी पाठवण्यासारखा असतो, सी९ बघूनच ठरवा. यूसीचं सॅट न बघणं तुम्हालाही लागू आहे, पण बाहेरच्यांना फीवर वर्षाला ३७ हजार डॉलरच्या वर जादा पडतात आणि मदत जवळजवळ नाही, तेव्हा सॅटच्या आधी घरातला हिशोब करा.

कन्सल्टंटला नाही म्हणा. शंभर मार्क 'वाढवून देतो' असं जो म्हणतो त्याच्याशी लांबूनच बोलावं. त्याला विचारा की यूसीसाठी हे कशाला, आणि तो काय उत्तर देतो ते बघा.

सासूबाईंना 'किती पडले' याचं उत्तर द्या, १३२०, आणि लगेच म्हणा की तिला जिथे जायचंय तिथे हे मार्क लागत नाहीत. त्यांना पटेल न पटेल, पण लपवाछपवी बंद होईल आणि मुलगीही त्या कॉलवर येऊन बसेल. अबोल्याचं म्हणाल तर तुम्ही ऑक्टोबरचं रजिस्ट्रेशन केलं असेल ते रद्द करा आणि तिला तसं सांगा, पोटात न ठेवता, 'तुझं बरोबर होतं' एवढंच. मग पुढच्या वेळी ओढ्यावर जाताना विचारा की मी येऊ का. नको म्हणाली तर नका जाऊ.

यूसीचा फॉर्म शेवटच्या दिवसांवर ठेवू नका, साइट रडते. नोव्हेंबरच्या वीस तारखेपर्यंत सबमिट करून टाका, आणि त्याआधी नववीपासूनचे सगळे ग्रेड्स ट्रान्सक्रिप्ट समोर ठेवून भरा, आठवणीने नको, कारण तिथे शाळा पाठवत नाही, मुलीने भरलेलंच धरतात आणि घेतल्यावर तपासतात.